हरवलेलं शोधायचं यंत्र

(स्नेहमेळाव्यातील ‘निवृत्तीनंतर काय चाललंय?’ या सत्रात केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘खजिना शोधणारा’ अशी करून दिली. तुम्ही हसलात, मीही हसलो. पण आधीच सांगून टाकतो, मला आजवर एकही खजिना सापडलेला नाही. सापडलं ते असं : ट्रॅक्टरच्या पिना, नटबोल्ट, ऊसतोडीचे तीन कोयते, पाइपलाइनच्या व्हॉल्व्हची पुरात गाळाखाली गेलेली दोन झाकणं, शेजाऱ्यांच्या सुनेची भांगलताना पडलेली अंगठी, बरीचशी चिल्लर आणि माझ्या आईच्या डोरल्याची एक वाटी. त्या वाटीपायी हा सगळा उद्योग सुरू झाला.

नोकरीतली माझी तीस वर्षं साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटच्या विभागात गेली. तिथं उसाच्या मोळीतून आलेलं लोखंड मिलमध्ये जाण्याआधी पकडायला मोठं लोहचुंबक असतं. कोयता गेला आत तर काय होतं, ते कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. तेव्हा धातू शोधणं हे तसं माझ्या पोटापाण्याचंच काम होतं. पण चुंबकाला फक्त लोखंड कळतं. सोनं, चांदी, तांबं, पितळ त्याच्या गावीही नसतं. हे आपल्याला सातवीत सरांनी पट्टीचुंबक आणि लोहकीस देऊन शिकवलं होतं. मी मात्र ते साठीला विसरलो आणि पुराच्या गाळात पहिल्यांदा चुंबकच फिरवत बसलो.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला सांगायला नको. इथल्या निम्म्या लोकांच्या घरात तेव्हा पाणी होतं. आमचं मागचं घर मातीच्या भिंतीचं. पाणी उतरलं तशी ती भिंत बसली. मुलानं जेसीबी लावून सगळा राडारोडा ट्रॉलीनं मळ्याच्या कोपऱ्यात नेऊन टाकला. मग आठवड्याभरानं आईनं विचारलं, “देवळीतली पितळंची डबी कुठं ठेवलीस रं?” वडील गेल्यावर तिनं डोरलं उतरवून त्या डबीत ठेवलेलं. आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. मुलाचा चेहरा पडला. आई म्हणाली, “जाऊ दे, माणसं ऱ्हायली नव्हं.” त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. तिनं काढला नाही, म्हणूनच तो माझ्या डोक्यातनं गेला नाही.

मोबाईलवर व्हिडिओ बघून मी पहिलं यंत्र मागवलं. तीन मीटर खोलवरचं सोनं दाखवतं म्हणे. आलं ते केवढं! खांद्याला अडकवायचा बॅटरीचा डबा, हाताला जाड दांडा, पुढं परातीएवढी तबकडी. माझा उजवा खांदा आधीच धरलेला. दहा मिनिटांत हात लटलट कापायला लागला. आणि यंत्र तर मळ्यात पाय ठेवल्यापासून जे कोकलायला लागलं ते बंदच होईना. गडी म्हणाला, “आण्णा, सगळ्या रानात सोनंच हाय वाटतं.” दोन दिवसांनी ते माळ्यावर गेलं. ज्यानं विकलं त्यानं फोन उचलणं बंद केलं.

तेव्हा यंत्र घेताना पहिला विचार वजनाचा करा, खोलीचा नव्हे. ही तबकडी जमिनीपासून दोन बोटं वर धरून डावी-उजवीकडे फिरवत चालायचं असतं. एका फेऱ्याला दोन सेकंद धरले, तर तासाला अठराशे फेरे होतात. दुकानात यंत्र हातात धरून बघितलं की सगळीच हलकी वाटतात. कोपर टेकवून, हात लांब करून निदान दहा मिनिटं फिरवून बघा. वजन आकड्यात कमी असून भागत नाही, ते कोपराकडे यायला पाहिजे. सगळा भार पुढं तबकडीत असेल तर सव्वा किलोसुद्धा पाच किलोसारखं लागतं. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्यानं सुरुंग शोधायचं यंत्र बनवलं. एल अलामेनच्या लढाईत १९४२ साली ते वापरलं गेलं. एका माणसाला उचलता येतं, हेच त्याचं कौतुक होतं, आणि त्याचं वजन १४ किलोच्या आसपास होतं! आज छंदाच्या यंत्राचं वजन एक ते सव्वा किलो असतं. त्याच्यापुढचं यंत्र आपल्या वयाला घेऊ नका.

दुसरी गोष्ट माती. हे मी सगळ्यात जास्त वेळ सांगणार आहे, कारण परदेशातल्या माणसाचा सल्ला इथंच आपल्या उपयोगाचा राहत नाही. यंत्र काय करतं, तर तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. खाली धातू असला की त्यात प्रवाह फिरतो, त्याचं उलट क्षेत्र तयार होतं आणि दुसरं वेटोळं ते ऐकतं. आता आपली काळी माती झाली कशापासून, तर बेसाल्ट खडकापासून. त्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. म्हणजे यंत्राच्या दृष्टीनं जमीनच बोलत असते. त्यात आपल्या शिरोळ तालुक्यात पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली रानं. ओली खारट माती वीज वाहते, समुद्रकाठच्या वाळूसारखी. माझं पहिलं यंत्र जे कोकलत होतं ते सोन्यावर नव्हे, मातीवर आणि मिठावर.

याच्यावर इलाज म्हणजे ग्राउंड बॅलन्स. स्वच्छ जागेवर, जिथं धातू नाही अशा ठिकाणी, तबकडी जमिनीजवळ वर-खाली करायची आणि यंत्राला सांगायचं की हा आवाज मातीचा, हा सोडून दे. काही यंत्रांत हे कारखान्यातच एकदा कायमचं बसवून दिलेलं असतं, आपल्याला बदलता येत नाही. काहींत बटण दाबून आपण करू शकतो. गॅरेट कंपनीचं एस ३०० हे नवशिक्यांत नावाजलेलं यंत्र, १.२७ किलो, साध्या पेन्सिल सेलवर चालतं. चांगलं आहे, पण त्याचा ग्राउंड बॅलन्स ठरलेला. तुर्कस्तानच्या नोक्ता कंपनीचं सिम्प्लेक्स प्लस १.३ किलोचं. त्याचा बॅलन्स आपल्याला करता येतो आणि ते तीन मीटर पाण्यात बुडालं तरी चालतं. वजनात फरक जवळजवळ नाही. वाळूत, मुरमाड माळावर पहिलं पुरेल. आपल्या काळ्या रानात मी दुसऱ्या जातीचंच घ्या म्हणेन. मी काही कुणाचा एजंट नाही, मॉडेलं दर दोन वर्षांनी बदलतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, विकणाऱ्याला एवढंच विचारा : “ग्राउंड बॅलन्स मला करता येतो का?” तो गडबडला तर दुकान बदला.

मी माझं पुण्यातल्या एका छांदिष्टाकडून वापरलेलं घेतलं, पंधरा हजारांच्या आत. या छंदात सेकंडहँड घ्यायला लाजू नये. लोक हौसेनं घेतात, चार रविवार फिरवतात आणि पाठ धरली की विकतात. जाताना खिशात एक रुपयाचं नाणं, एक खिळा, बायकोची अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा एक तुकडा न्या. चारही वस्तू जमिनीवर वेगवेगळ्या ठेवून त्यांच्यावरून यंत्र फिरवून बघा. तबकडीच्या केबलला हात लावून हलवा, आवाज तुटत असेल तर नको. जाहिरातीतल्या खोलीवर विश्वास ठेवू नका. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोल सापडली म्हणजे यंत्र आणि तुम्ही दोघंही चांगले. मोठी घागर जास्त खोल कळेल, पण आपण घागरी शोधायला निघालेलो नाही.

या चार वस्तू का, ते आता सांगतो. आतल्या धातूप्रमाणे यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं. लोखंडाचा आकडा खाली, चांदी-तांब्याचा वर. नको त्या धातूचा आवाज बंद ठेवायची सोय असते. नवा माणूस पहिल्यांदा काय करतो, तर लोखंड बंद करतो, कारण खिळ्यांनी जीव नको केलेला असतो. पण आपला आत्ताचा रुपया कशाचा आहे? स्टीलचा, चुंबकाला चिकटणारा. आपल्या लहानपणी नरसोबाच्या वाडीला पोरं दोरीला चुंबक बांधून नदीत टाकायची, पण अॅल्युमिनियमचे पैसे काही त्याला लागायचे नाहीत. आता उलटं झालंय. या स्टीलच्या रुपयावर आकडा स्थिर राहत नाही, कधी लोखंड दाखवतो, कधी वर उडी मारतो. म्हणजे लोखंड नको म्हणालात तर रुपयावरही पाणी सोडावं लागतं. आणि सोन्याची गोष्ट याहून वाईट. बारीक सोन्याचा आकडा आणि गोळ्यांच्या चंदेरी पाकिटाचा आकडा जवळजवळ एकच. ते मला कसं कळलं, ऐका.

२०२१ च्या उन्हाळ्यात, सकाळी सहा ते आठ, मी मळ्याच्या त्या कोपऱ्यात सुतळी बांधून पट्टे पाडले आणि एकेक पट्टा फिरवायला लागलो. मातीच्या घराच्या राडारोड्यात काय नसतं! खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, पत्र्याचे तुकडे. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची गोष्ट मला तिथं रोज आठवायची. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, ती अंगात कुठं आहे ते कळेना. बेलनं धातू शोधायचं यंत्र बनवून आणलं. यंत्र चांगलं होतं, पण अध्यक्ष ज्या पलंगावर होते त्याच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, त्यानं सगळा घोटाळा झाला. माझा अख्खा कोपरा म्हणजे तसलीच गादी. म्हणून लोखंड बंद केलं. मग सापडायला लागली वडिलांच्या औषधांची पाकिटं. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना केवढ्या गोळ्या होत्या, आणि रिकामी पाकिटं ते त्याच देवळीत खुपसून ठेवायचे. दहा-बारा निघाल्यावर मी वैतागून तोही आकडा बंद केला. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी चेपून पापडासारखं झालेलं पितळी झाकण निघालं. डबीचंच. म्हणजे आपण जवळ आहोत. तिथं उकिडवा बसलो आणि मग डोक्यात उजेड पडला, की अरे, आपण सोन्याचाच आकडा बंद करून हिंडतोय.

चारही दिवसांचे पट्टे पुन्हा पहिल्यापासून केले. आवाज आला की खणायचं, पाकीट निघालं की खिशात टाकायचं. झाकणापासून अडीच हातांवर, चार बोटं खाली, पाकिटाच्याच आकड्यावर, वाटी निघाली. मातीत सोनं काळं पडत नाही हे ऐकून होतो, त्या दिवशी बघितलं. आईच्या हातावर ठेवली. तिनं पदरानं पुसली, उलटसुलट केली आणि म्हणाली, “ही म्हायेरची. सासरची जरा खोल व्हती.” दुसरी काही मिळाली नाही. जुलैत परत पूर आला आणि त्या कोपऱ्यावर वीतभर गाळ बसला. मी अजून अधूनमधून फिरवतो.

एक गोष्ट राहिली. मोठ्या यंत्राबरोबर बोटाएवढं एक छोटं यंत्र मिळतं, त्याला पिनपॉइंटर म्हणतात. खड्ड्यात, ढेकळात नेमकी वस्तू कुठं ते दाखवतं. पैसे वाचवायचे तर मोठं जरा स्वस्त घ्या, पण हे घ्याच. ते नसतं तर एवढीशी वाटी मी खुरप्यानं मातीसकट बाजूला फेकली असती. आणि कानाला हेडफोन लावा. त्यानं बारीक आवाज कळतात, आणि बांधावर माणसं गोळा होत नाहीत.

माणसांवरनं आता जरा नको ते बोलतो. वाटी सापडल्याची बातमी फिरली आणि माझ्याकडे रात्रीचे लोक यायला लागले. “जुन्या वाड्याखाली हंडा हाय, येतोस का? निम्मं निम्मं.” त्यात आपल्या वर्गातलाही एक होता. मागं वळून बघू नका, मी नाव सांगणार नाही. त्याला कर्ज झालं होतं आणि एका भोंदूनं त्याला दोन तारांचं यंत्र दाखवलं होतं, हातात धरलं की अर्ध्या किलोमीटरवरच्या सोन्याकडे तारा वळतात म्हणे. आगाऊ पैसे घेऊन तो गडी गायब. मित्रांनो, दुरून सोनं दाखवणारं यंत्र जगात नाही. जिम मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रजानं असल्याच तारेच्या खेळण्याला एडीई ६५१ नाव देऊन बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून इराकला विकलं. त्याच्यावर भरवसा ठेवून तपासणी नाक्यांवर गाड्या सोडल्या गेल्या. २०१३ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडेही २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली केलेले अघोरी प्रकार गुन्हा ठरवलेत.

आणि समजा खरोखरच हंडा लागला तर? इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट १८७८ सालचा, अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं, कुठं, कधी, काय सापडलं ते. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि वाटाही जातो. कळवलं आणि मालक कुणी निघाला नाही, तर सर्वसाधारणपणे सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनवाल्याला एक चतुर्थांश मिळतो. म्हणजे माझा रात्रीचा पाहुणा मला निम्मं देत होता, कायदा त्याहून उदार आहे! शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू, साधी शिवराईसुद्धा, पुरावस्तू ठरते, १९७२ चा कायदा आहे. माझ्या आईची वाटी यात बसत नाही, कारण ती आमचीच, आमच्याच भिंतीतली.

पण मी जात नाही ते कायद्याच्या भीतीनं नव्हे. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती आहे. आपली सहल गेली होती, तेव्हा आपण ती न बघता तोफेवर बसलो होतो. आपल्या पंचगंगेच्या काठची ती जागा. १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथं थरावर थर मोजत उत्खनन केलं, म्हणून सातवाहनांच्या काळी हे गाव कुठल्या कुठं व्यापार करत होतं ते समजलं. तीच मूर्ती कुणी रात्री बॅटरी लावून उकरली असती तर पितळेच्या भावानं मोडीत गेली असती. म्हणून खिद्रापूरला कोपेश्वराच्या आसपास मी यंत्राची पिशवीसुद्धा उघडत नाही. वाडीच्या घाटावरही नाही, ते दत्ताला वाहिलेलं आहे. दुसऱ्याच्या रानात विचारून जातो, खड्डा बुजवून येतो. इंग्लंडमध्ये टेरी हर्बर्ट नावाच्या बेकार माणसाला जुन्या बाजारात अडीच पौंडाला घेतलेल्या यंत्रावर २००९ साली एका शेतात पाच किलोवर सोनं सापडलं. त्यानं सरळ सरकारला कळवलं. साडेबत्तीस लाख पौंडांवर किंमत ठरली, ती त्यानं आणि शेतकऱ्यानं वाटून घेतली, आणि सोनं आज म्युझियममध्ये सगळ्यांना बघायला आहे. यंत्र अडीच पौंडांचं, हे विसरू नका.

बाई घड्याळ बघतायत, नववीतही असंच बघायच्या. एवढंच सांगून बसतो. नववीत खो-खो खेळताना आपल्या एका वर्गमैत्रिणीच्या कानातलं फूल मैदानात पडलं होतं. सगळा वर्ग गुडघ्यावर बसून दोन तास शोधत होता. घरी तिनं मार खाल्ला, हे तिनंच मघाशी चहाला सांगितलं. मुख्याध्यापकांची परवानगी मी कालच घेतली आहे. मैदानावर मधल्या काळात दोनदा मुरूम पडलाय आणि एवढंसं फूल फुटाखाली गेलं असेल तर माझं यंत्र गप्प बसणार, हे आधीच सांगतो. पण खांबाजवळचा मुरूम पावसानं धुऊन गेलेला दिसतोय. जेवणानंतर मी तिथं असेन. ज्यांना यंत्र हातात धरून वजन बघायचंय त्यांनी या, आणि येताना खिशातल्या किल्ल्या काढून या.